नवा घडीचा चाकू खिशात घालण्याआधी

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: ‘टॅक्टिकल’ या नावाने मिळणारा, एका हाताने उघडणारा आणि उघडल्यावर पातं जागेवर अडकवणारा घडीचा चाकू. पत्र लिहिणाऱ्यांनी तो नुकताच घेतलाय, त्यांना तो रोज जवळ ठेवायचाय, आणि पाहताक्षणी आवडलेला हा चाकू खरोखर चांगला आहे का, हे विचारायचंय. म्हणून तपासणीच्या प्रश्नांना या वेळी जास्त जागा दिली आहे. ‘टॅक्टिकल’बद्दल आधीच एक सांगून ठेवतो. हे दर्जाचं नाव नाही, धाटणीचं आहे. काळं पातं, खरखरीत मूठ, जाड पाठ, खिशाला अडकवायची क्लिप ही ती धाटणी. यातलं काही रोजच्या कामाला उपयोगी पडतं, काही कामाच्या आड येतं.

प्रश्न: नवा चाकू आलाय. पातं साडेआठ सेंटीमीटर, डी२ स्टील, जी१०ची (काचतंतू आणि इपॉक्सीची) मूठ, लायनर लॉक (मुठीच्या आतली धातूची पट्टी, म्हणजे लायनर, पात्यामागे येऊन अडकते ते), बेअरिंग, वजन ११५ ग्रॅम. फ्लिपर (मुठीबाहेर आलेलं पात्याचं छोटं टोक) दाबला की ‘खट्’ असा दणदणीत आवाज होऊन उघडतो. हातात भक्कम वाटतो. पण चांगला आहे की नाही, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

उत्तर: आवाजावरून अजिबात नाही. पात्याच्या टाचेत, म्हणजे मुठीत राहणाऱ्या मागच्या भागात, एक बारीक खळगी असते आणि लायनरमध्ये बसवलेला छोटा छर्रा त्या खळगीत अडकून पातं बंद ठेवतो. फ्लिपर दाबताना हा छर्रा सुटेपर्यंत बोटाचा जोर साठत जातो. सुटला की पातं झपकन फिरून थांब-पिनेवर आदळतं. तुम्हाला ऐकू येतो तो या आदळण्याचा आवाज. छर्रा घट्ट आणि बेअरिंग मोकळं असलं की आवाज मोठाच होणार, लॉक कच्चं असलं तरीही.

सुरुवात बंद चाकूपासून करा. उजेडाकडे धरून मुठीच्या फटीत पाहा. पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध असावं. किंचित एका बाजूला असेल तर चालतं, पण एखाद्या पट्टीला टेकत असेल तर दर वेळी उघडताना धार किंवा कोटिंग घासलं जाणार. मग जाड टॉवेलवर चाकू बंदच ठेवून, बोटं फटीपासून लांब धरून, मनगटाने हलकेच झटका. तेवढ्याने पातं सुटत असेल तर छर्रा नीट अडकत नाही आणि खिशातही तो चाकू उघडेल. हा दोष घरी दुरुस्त करत बसू नका, चाकू परत करा.

आता उघडा, पण झटक्याने नको. अगदी सावकाश, अंगठ्याने पातं शेवटपर्यंत न्या. लायनरची पट्टी आपणहून टाचेमागे येऊन बसली पाहिजे. जोरात उघडल्यावर लॉक बसतं आणि हळू उघडल्यावर बसत नाही, असा चाकू भरवशाचा नाही, कारण रोजच्या कामात आपण प्रत्येक वेळी जोरात उघडत नाही. पट्टी किती आत आली तेही बघा. नव्या चाकूत ती टाचेच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागावर टेकलेली हवी. नुसत्या कडेवर टेकली असेल तर दाबाखाली निसटू शकते. पार पलीकडच्या पट्टीपर्यंत पोचली असेल तर पुढे झिजायला जागाच उरलेली नाही. वापराने लॉक हळूहळू आत सरकत जातं. पट्टी पलीकडे टेकली की झीज भरून काढायला काही राहत नाही आणि पातं वर-खाली हलू लागतं.

यानंतर दाबाची परीक्षा. जाड हातमोजा घाला. मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की पातं मिटलंच तर रिकाम्या फटीत जाईल, बोटांवर येणार नाही. मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू वजन टाका. लॉक सरकायला नको. चाकूची पाठ आपटून लॉक तपासण्याची पद्धत बरीच दिसते, ती करू नका. आपटल्याने लायनर क्षणभर उसळतो आणि चांगलं लॉकही सुटू शकतं. शिवाय प्रत्येक आपटीला टाच आणि लायनर जिथे टेकतात तिथे थोडा धातू दबतो. म्हणजे ज्या लॉकची परीक्षा घेताय तेच खराब होतं.

शेवटी पातं चिमटीत धरून हलवा. डावी-उजवीकडे हलत असेल तर तो पिव्हटच्या, म्हणजे पातं ज्या आसावर फिरतं त्याच्या, स्क्रूचा विषय आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. वर-खाली हलत असेल, म्हणजे उघड-मीट होण्याच्याच दिशेने, तर लॉक आणि टाच यांचे कोन जुळलेले नाहीत. स्क्रू कितीही पिळलात तरी ते जाणार नाही.

हे सगळं ठीक निघालं तर चाकू चांगला आहे. आवाजाचा आनंद मग खुशाल घ्या.

प्रश्न: पातं डावी-उजवीकडे किंचित हलतंय. स्क्रू आवळला तर चाकू जड उघडतो, सैल केला की पुन्हा हलतो. मधली जागा सापडतच नाही.

उत्तर: सापडते, फक्त पाव फेऱ्याच्या हिशेबाने सापडत नाही. फेऱ्याच्या आठव्या-दहाव्या भागाने काम करावं लागतं. पिव्हटला बहुधा टी८ टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचं बिट) बसतो, मुठीच्या आणि क्लिपच्या स्क्रूंना टी६. काही चाकूंना टी१०ही असतो. बिट चांगल्या पोलादाचं आणि खाचेत पूर्ण बसणारं घ्या. टी६ची खाच इतकी लहान असते की घासलेल्या बिटने एकदा घसरली की ती गोल होते आणि पुढे स्क्रू निघत नाही.

क्रम असा ठेवा. आधी मुठीचे स्क्रू पाहा. तेच सैल असतील तर पिव्हट कितीही जुळवा, मूठच हलत राहील. मग पिव्हट पूर्ण बसेपर्यंत हलकेच आवळा आणि तिथून थोडा थोडा मागे आणा. प्रत्येक वेळी चाकू उघडून लॉक लावूनच पातं हलवून बघा, कारण अर्धवट उघडलेलं पातं चांगल्या चाकूतही थोडं हलतं. पातं हलायचं थांबलं आणि लॉक सोडल्यावर स्वतःच्या वजनाने किंवा नुसत्या मनगटाच्या हिसक्याने मिटू लागलं, की थांबा.

चाकूत पितळी-कांस्याच्या चकत्या असतील तर पहिले काही दिवस तो जड चालणारच. चकत्या घासून गुळगुळीत होतात आणि चाल सुधारते, म्हणून पहिल्याच दिवशी सैल करू नका. बेअरिंग असेल तर उलटी काळजी घ्या. फार आवळलं की छर्रे मऊ धातूत रुततात, तिथे बारीक खळगे पडतात आणि मग पातं फिरताना कायमचं खरखरतं.

जुळवलेला स्क्रू वापरात पुन्हा सैल होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. काडीच्या टोकावर थेंबाहून कमी घ्यायचं, स्क्रू काढून फक्त आट्यांना लावायचं आणि २४ तास चाकू तसाच ठेवायचा. ते चकतीवर किंवा बेअरिंगमध्ये उतरलं तर पातंच चिकटून बसेल. लाल थ्रेडलॉकर इथे वापरू नका, ते चांगलं तापवल्याशिवाय सुटत नाही. कारखान्यातूनच कुणी सढळ हाताने लावून पाठवलं असेल आणि स्क्रू हलत नसेल, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक वीस-तीस सेकंद स्क्रूच्या डोक्यावर धरा आणि लगेच पिळा. मूठ प्लास्टिकच्या जातीची असेल तर हे करू नका, ती वितळेल.

प्रश्न: नव्या चाकूने हातावरचे केस साफ निघतात, पण जाड पुठ्ठा कापताना पातं मध्येच अडकतं. धार आहे की नाही?

उत्तर: धार आहे. अडकतं ते धारेमागचं जाडपण. दणकट दिसण्यासाठी या धाटणीच्या बऱ्याच चाकूंचं पातं पाठीला साडेतीन-चार मिलिमीटर जाड ठेवतात. तेवढ्याने बिघडत नाही. अडचण येते ती पातं धारेपर्यंत उतरताना पुरेसं बारीक केलेलं नसलं की. व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि धारेची चकाकती पट्टी जिथे संपते, त्याच्या अगदी वरची जाडी मोजा. ०.४ ते ०.५ मिलिमीटर असेल तर चाकू पुठ्ठ्यातून सरकत जातो. ०.८ किंवा १ निघाली तर तो पुठ्ठा कापत नाही, पाचरीसारखा फाकवत जातो. केस अगदी बारीक असतो, त्याला धारेची फक्त कड लागते, म्हणून केसांची परीक्षा इथे फसवते. नव्या चाकूबद्दल पहिलं मत बनवायचं तर चांगला जाड पुठ्ठा घ्या, आणि लाटांना आडवा छेद देणारा लांब काप मारून बघा.

उपाय आहे, पण मर्यादित. कारखान्यातली धार पुष्कळदा प्रत्येक बाजूला २३ ते २५ अंशांची असते. ती १८ ते २० अंशांवर आणली की चकाकती पट्टी रुंद होते, खांदा (ही पट्टी वर जिथे संपते तो कोपरा) थोडा मागे सरतो आणि फरक लगेच जाणवतो. त्याहून जास्त बारीक करायचं म्हणजे सगळं पातंच घासायला लागेल. ते कोरड्या ग्राइंडरवर करायचा मोह टाळा. धारेची कड कागदासारखी पातळ असते, क्षणात तापते. तिच्यावर तपकिरी-निळी झाक आली की तेवढ्या भागातला कणखरपणा गेला. पाण्याखाली, हाताने, दगडावरच करा. वेळ लागतो, पण पातं वाचतं.

प्रश्न: डी२ स्टेनलेस आहे का? दोन आठवड्यांतच धारेवर तांबूस ठिपके आलेत.

उत्तर: पूर्ण नाही. डी२मध्ये साधारण १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. बारा टक्के ऐकायला भरपूर वाटतं, पण एवढ्या कार्बनसोबत क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडच्या कणांमध्ये बांधला जातो. गंज रोखायला मोकळं क्रोमियम लागतं आणि ते कमी उरतं. त्या कठीण कणांमुळेच डी२ची धार पुष्कळ टिकते. काळं कोटिंग पात्याला वाचवतं, पण धार लावताना तिथलं कोटिंग गेलेलंच असतं, म्हणून ठिपके नेमके धारेवर दिसतात.

ओल्या किंवा आंबट वस्तूवर वापरलात तर लगेच पुसून कोरडा करा. खिशातला घाम याहून वाईट, कारण तो तासन्‌तास लागून राहतो. आठवड्यातून एकदा धारेवर मिनरल तेलाचा पुसट हात पुरतो. आलेले ठिपके भांडी घासायच्या मऊ पावडरीने किंवा धातू-पॉलिशने निघतात. खोल खड्डे पडले असतील तर पुढच्या धारेला ते घासले जातील.

हा व्याप नको असेल तर पुढचा चाकू १४सी२८एन या स्टीलचा बघा. त्याला धार सहज लागते आणि गंज क्वचितच. २००१मध्ये खास चाकूंसाठी आलेलं एस३०व्ही धार जास्त टिकवतं, पण साध्या दगडावर हट्टीपणा करतं. २०२१चं मॅग्नाकट या बाबतीत फार सुंदर जमलंय. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी त्याची रचनाच अशी केली की कठीण केल्यावर त्यात क्रोमियम कार्बाइड राहत नाहीत, सगळं क्रोमियम गंज रोखायला मोकळं असतं. तरी नावावर भुलू नका. एकच स्टील एका कारागिराने नीट तापवून ६० एचआरसीला (हे कठीणपणाचं माप) आणलं आणि दुसऱ्याने ५७ला सोडलं, तर दोन वेगळे चाकू मिळतात.

प्रश्न: घरी धार लावतो, कागद झरझर कापला जातो, पण दोन खोकी कापली की बोथट. स्टील खराब आहे का?

उत्तर: बहुतेक वेळा स्टील नाही, राहून गेलेला बर. घासताना धातूची एक सूक्ष्म झालर पलीकडच्या बाजूला वळते, तोच बर. तो उभा राहिला तर कमालीचा धारदार वाटतो, कागदही कापतो, पण पहिल्या कठीण वस्तूवर दुमडतो. डी२चा बर विशेष चिवट असतो.

पद्धत अशी: धारेच्या पट्टीवर काळ्या मार्करने रेघ ओढा. पातं दगडावर २० अंशांवर धरा. अंदाजासाठी, पात्याची रुंदी २५ मिलिमीटर असेल तर पाठीची मध्यरेषा दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर राहते. दोन-तीन हलके हात मारा आणि बघा. शाई फक्त वरच्या खांद्यावरची गेली असेल तर पाठ थोडी उचला, फक्त कडेची गेली असेल तर थोडी खाली आणा. सगळी शाई गेली म्हणजे कोन जमला. या चाकूंना डायमंड प्लेट सोयीची पडते, आधी ४०० नंबरची आणि मग बारीक, १०००ची.

एका बाजूने टाचेपासून टोकापर्यंत पूर्ण लांबीवर बर येईपर्यंत घासा. अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेरच्या दिशेने, हलकेच सरकवला की बर नखाला अडकल्यासारखा लागतो. कुठे लागत नसेल तर तिथे अजून कड पोचलेली नाही. मग दुसरी बाजू, पुन्हा पूर्ण लांबी. यापुढचा भाग बहुतेक जण उरकतात. १०००वर एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, असे दहा-पंधरा हात मारा आणि प्रत्येक हाताला दाब कमी करत चला. शेवटचे हात पात्याच्या नुसत्या वजनाचे असावेत. त्यानंतर पॉलिश लावलेल्या चामड्यावर धार मागे ठेवून दहा-दहा वेळा ओढा.

पडताळायला दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसतच नाही. जिथे पांढरी चमक दिसते तिथे बर तरी आहे किंवा बोथटपणा.

आणि नव्या चाकूची पहिली धार लवकर गेली म्हणून निराश होऊ नका. कारखान्यात ती वेगवान पट्ट्यावर लावतात, अगदी कडेचा धातू तापून थोडा मऊ झालेला असतो. दोन-तीन वेळा दगडावर घासून तो थर गेला की त्याच पात्याची धार जास्त टिकू लागते.

प्रश्न: तिरक्या टोकाचं तांतो पातं घ्यावं की साधं? आणि अर्धं करवती?

उत्तर: रोजच्या कामाला साधं उतरत्या पाठीचं पातं घ्या. तांतोच्या धारेला मध्ये कोपरा असतो. त्याची दोन भागांची धार वेगवेगळी लावायला लागते, आणि पोटाचा गोलवा नसल्याने सपाट वस्तूवर ओढून कापताना तो कोपराच टेकतो. टोक मजबूत असतं हे खरं, पण त्याने उचकटाउचकट करायची नसेल तर त्या मजबुतीचा उपयोग नाही. करवती भाग ओल्या दोराला उत्तम. दोर फारसा कापत नसाल तर साडेआठ सेंटीमीटरातली निम्मी धार त्यात घालवू नका. हा भाग बहुतेक चाकूंत टाचेजवळ असतो, आणि लाकूड तासताना जोर नेमका तिथेच लागतो.

प्रश्न: टायटॅनियमच्या मुठीचा फ्रेम लॉक चाकू घेतला. जोरात उघडला की लॉक चिकटतं, सोडवताना अंगठा दुखतो. तेल घालू का?

उत्तर: लॉकच्या टेकणाऱ्या तोंडावर तेल नको. तिथे घर्षणच लॉकला धरून ठेवतं. चिकटतं याचं कारण असं की टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ आहे आणि पोलादावर घासताना त्याला पकडून बसतं. १९९०च्या सुमारास चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांनी मुठीच्या पट्टीलाच लॉक बनवण्याची ही रचना आणली, तेव्हापासून हा गुण तिच्यासोबत आहे. म्हणूनच हल्ली अनेक चाकूंत लॉकच्या टोकाला पोलादाचा छोटा तुकडा बसवतात.

टाच आणि लॉकचं तोंड अल्कोहोलने पुसा, कोरडं होऊ द्या आणि काही आठवडे मध्यम जोराने उघडा. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत बसतात आणि चिकटणं कमी होतं. तोवर टाचेवर पेन्सिलच्या शिशाचा किंवा मार्करचा एक थर दिलात तर काही दिवस आराम पडतो. तोंड स्वतः घासायला जाऊ नका. तिथला कोन काही अंशांचाच असतो, तो बिघडला की लॉक निसटेल.

प्रश्न: मी डावखुरी आहे. लायनर लॉकचा चाकू डाव्या हाताने मिटवणं फार अवघड जातं.

उत्तर: तुमचं काही चुकत नाही. ती पट्टी उजव्या अंगठ्यासाठीच कापलेली असते. डाव्या हाताने ती तर्जनीने ढकलायला लागते आणि तेच बोट पात्याच्या वाटेत येतं. आडव्या दांड्याचं लॉक बघा. १९९८मध्ये बेंचमेड या चाकू कंपनीने ते ‘ॲक्सिस’ नावाने आणलं, आता त्या पद्धतीचे चाकू सर्रास मिळतात. दांडी दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते आणि बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. पाठीवर दाबायचं जुनं बॅक लॉकही दोन्ही हातांना सारखंच. उघडण्यासाठी पात्यात आरपार गोल भोक असलेला चाकू घ्या. स्पायडर्को कंपनीने १९८१मध्ये असा चाकू आणला तेव्हा क्लिपही त्याच चाकूवर होती. भोकाला डावं-उजवं नसतं. मात्र क्लिप पलटवता येते का, हे घेण्याआधी पाहा. काही मुठींना दुसऱ्या बाजूला स्क्रूची भोकंच नसतात.

प्रश्न: क्लिपमुळे खिशाचं कापड दोन आठवड्यांत झिजलं.

उत्तर: झिजवते क्लिप नव्हे, तिच्याखालची जी१०. हा काचतंतू आणि इपॉक्सीचा थर असतो, आणि पकड यावी म्हणून तो कानशीसारखा खरखरीत ठेवतात. क्लिप काढा, फक्त तिच्याखालची पट्टी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. पाणी लावूनच घासा आणि तोंडाला मास्क बांधा, कारण ती धूळ काचेची असते आणि फुप्फुसात जाता कामा नये. बोट सरकवल्यावर गुळगुळीत लागलं की पुरे. बाकीची मूठ तशीच राहू द्या, ओल्या हाताला तीच पकड देते.

प्रश्न: असा चाकू स्वसंरक्षणासाठी उपयोगी पडेल का? आणि सोबत बाळगणं कायदेशीर आहे का?

उत्तर: स्वसंरक्षणाच्या हेतूने ठेवू नका. जवळच्या झटापटीत तो खिशातून काढून उघडायला वेळ मिळत नाही, मिळाला तर तो हिसकावला जाऊ शकतो, आणि रक्ताळलेल्या हातात मूठ फिरून स्वतःचीच बोटं कापली जातात. निघून जाणं हेच संरक्षण. शिवाय ‘संरक्षणासाठी ठेवलाय’ एवढ्या एका वाक्याने अनेक ठिकाणी अवजाराचं शस्त्र होतं.

बाळगण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. ते बहुधा तीन गोष्टी बघतात: पात्याची लांबी, पातं अडकतं की नाही, आणि ते स्प्रिंगने किंवा एका हाताने उघडतं का. तुमच्या चाकूत पुष्कळदा तिन्ही येतात, तेव्हा जिथे जाणार तिथला नियम आधी वाचा. विमानात तो केबिनमध्ये नेऊ नका, चेक-इनच्या सामानातच ठेवा.

प्रश्न: चाकू पूर्ण खोलून साफ करावा का? किती दिवसांनी?

उत्तर: चाल बिघडली तरच. आधी न खोलता करून बघा. खिशातला कापडाचा भुसा फटीच्या तळाशी आणि छर्र्याच्या खळगीत साचतो. तो लाकडी काडीने काढा, हवेचा फवारा मारा, कोमट पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालून पातं उघड-मीट करा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि पंख्याखाली उघडा ठेवून पूर्ण वाळवा. मग पिव्हटच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. वीस-तीस वेळा उघड-मीट करून बाहेर आलेलं तेल पुसून टाका. राहिलेल्या तेलालाच पुढचा भुसा चिकटतो.

तरीही खरखर राहिली तर खोला, पण त्याआधी वॉरंटीची अटही वाचा, काही कंपन्या खोललेला चाकू घेत नाहीत. पांढऱ्या कापडावर काम करा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. चकत्या किंवा बेअरिंग कुठल्या बाजूने बसलं होतं, कुठला स्क्रू आखूड होता, हे जोडताना हमखास विसरतं. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर त्याचं टोक आत निघून पात्याला घासतं, आणि चाकूत दोष आहे असं वाटत राहतं.